गळिताचा हंगाम आणि एक काळी वडी

परवा कारखान्याचा भोंगा वाजला आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रडारड सुरू झाली. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात नवीन फ्लॅट घेतलेली मंडळी ही. कुणाच्या पांढऱ्या शर्टावर काजळी पडली, कुणाला मळीच्या वासानं मळमळलं, कुणाची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. ‘याची तक्रार कुठं करायची?’ असं एकानं विचारलं होतं. मी लिहिलं, ‘कारखाना तुमच्या आधीपासून इथं आहे, त्यानं तुमची तक्रार कुठं करायची तेही सांगा.’ मग पाठवायच्या आधी खोडून टाकलं. शेजाऱ्यांशी भांडलं की अडीअडचणीला विरजण मागायचीसुद्धा पंचाईत. नुसतं गॅलरीचं दार सताड उघडलं आणि छाती भरून वास घेतला.

गोड, आंबूस आणि शेवटाला जरासा करपट असा तो वास असतो. गळिताचा हंगाम सुरू झाला की तो गावावर बसतो तो उन्हाळा लागेपर्यंत उठत नाही. लोकांना त्या वासानं ऊस आठवत असेल, गूळ आठवत असेल. मला आठवते रुपयाच्या नाण्याएवढी एक काळी वडी. ती अजून माझ्या कपाटात आहे, घट्ट झाकणाच्या बरणीत, तांदळाच्या पुरचुंडीशेजारी. दिसायला अगदी साधी, चुलीतला कोळसा सपाट घासून ठेवावा तशी. पण एका दुपारी मी तिच्यावर लोहचुंबकाचा तुकडा अधांतरी तरंगताना बघितला आहे, आणि त्यानंतर मी बरंच जग बघितलं तरी त्या दुपारवर कशानंच ताण केलेली नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. जन्मभर कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेला माणूस. उडत आलेला काजळीचा एक कण त्यांनी बोटांवर धरला, चुरडला, आणि म्हणाले, ‘बगॅस वलं हाय आजून.’ बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. तोच बॉयलरात जळतो. आप्पांचं सगळं आयुष्य काय जळलं, किती जळलं आणि किती वाया गेलं, ह्या हिशेबात गेलं. गळणारी वाफ बघून त्यांना जो त्रास व्हायचा तो आम्हाला ताप आला तरी व्हायचा नाही, असं आई म्हणायची. आम्ही जैन, त्यामुळं आयुष्यभर जाळासमोर उभा राहणारा हा माणूस डबा मात्र सूर्य मावळायच्या आत उघडणार म्हणजे उघडणार. पाळी कुठलीही असो.

त्या वडीचा हंगाम माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. आमचे इंगळे सर जानेवारीअखेर निवृत्त होणार होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर म्हणजे कोल्हापुरी रांगडेपणाला भौतिकशास्त्राची फोडणी. वर्गात येऊन पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं की मळ्यात विहिरीवर मोटर कुणाकुणाची आहे. निम्मे हात वर गेले. मग लाइनीच्या अगदी शेपटाला कुणाची आहे? माझा हात वर राहिला. ‘मग व्होल्टेज कसलं येतंय ते तुला सांगायला नको,’ असं म्हणून ते फळ्याकडं वळले. खरंच नको होतं. संध्याकाळी आमच्या मळ्यातला बल्ब पिकल्या पेरूसारखा पिवळा व्हायचा आणि मोटर नुसती घुमायची. दर उन्हाळ्यात ती जळायची आणि शाहूपुरीतल्या दुकानात नवी तार गुंडाळायला जायची. सरांनी सांगितलं, तारेतनं जाताना वीज अडखळते, अडखळते तिथं तार तापते, आणि तुमच्या मोटरीसाठी निघालेल्या विजेतला एक हिस्सा वाटेतच पाखरांचे पाय शेकण्यात खर्च होतो. पोरं हसली. मी हसले नाही. मला आप्पांचा मोटर उतरवून सायकलवर बांधतानाचा चेहरा आठवत होता.

आणि मग सरांनी आवाज खाली आणून सांगितलं की जगात असेही पदार्थ आहेत ज्यांच्यातनं वीज अजिबात अडखळत नाही. अतिवाहक. अडथळा कमी नव्हे, शून्य. त्यातला एक प्रकार उच्च तापमानाचा. हे ‘उच्च तापमान’ म्हणजे उणे दोनशेच्या आसपास, हे ऐकून वर्ग पुन्हा खिदळला. पण आधीच्या पदार्थांना द्रवरूप हेलियमची त्याहून भयंकर थंडी लागायची, आणि ह्यांचं द्रवरूप नायट्रोजनवर भागतं. हेलियम मिळवायचा म्हणजे राजेरजवाड्यांचा थाट. नायट्रोजन हवेतच भरलेला आहे. घरी आप्पांना मी हे सांगितलं. उणे दोनशेला उच्च म्हणणाऱ्या माणसाला एकदा बॉयलरसमोर उभा करायला पाहिजे, एवढंच त्यांचं मत पडलं.

सरांना तो पदार्थ विकत आणायचा नव्हता. परदेशातून मागवलेली वडी तरंगवणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं बारसं जेवणं, असं त्यांचं म्हणणं. इट्रियम, बेरियम आणि तांबं ह्यांच्या पुडी स्वतः खलात घोटायच्या, दाबून वडी करायची, नऊशेच्या वर तापलेल्या भट्टीत भाजायची. आणि मग खरी मेख. भाजून झाल्यावर प्राणवायूच्या झुळकीत ती वडी सावकाश निववायची. अगदी सावकाश. घाई झाली की प्राणवायू आत मुरत नाही आणि मग वडी दिसायला तशीच काळी, पण निकामी.

इथंच कोल्हापूर आडवं यायचं. त्या वर्षांत भारनियमन काय होतं हे ज्यांनी काढलं त्यांनाच माहीत. सरांची वडी निवायला लागली की वीज जायची. भट्टी धाडकन गार पडायची. वर्षानुवर्षं हेच. सरांच्या ड्रॉवरमध्ये तसल्या निकामी वड्यांचा ढीग होता, त्यांना ते ‘माझी नापास पोरं’ म्हणायचे. विजेचा तोटा संपवणारा पदार्थ करायला घ्यावा आणि विजेच्या तुटवड्यानंच तो मारावा! सर हसत हसत सांगायचे, पण डोळे हसायचे नाहीत. उभ्या हयातीत हजारो मुलांना ते तरंगणारं चुंबक त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. स्वतः केलेल्या वडीवर एकदाही बघितलं नव्हतं. आणि त्यांनी सांगून ठेवलेलं की प्रयोगशाळेची किल्ली सोपवली की संपलं. ‘त्या दिवसापासनं मी हितं पावणा. पावण्यानं स्वयंपाकघरात शिरू नये.’ बोललेलं फिरवणारा माणूस नव्हे तो. म्हणजे जे काय व्हायचं ते जानेवारीच्या आत.

तोड काढली आप्पांनी. एकदा जेवताना सहज म्हणाले की हंगामात आमच्याकडं वीज जात नाही. खरंच की! ऊस तोडला की थांबत नाही, म्हणून कारखाना थांबत नाही, आणि तो स्वतःच्या विजेवर चालतो, त्याच बगॅसवर. साखरेचा नमुना जाळून राख किती उरते ते बघायला तिथल्या प्रयोगशाळेत एक छोटी भट्टी असते. आप्पांनी तिथल्या साहेबांना गळ घातली. साहेब म्हणाले, आमच्या कामात अडथळा नको, बाकी खुशाल भाजा. सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतनं उठून उभेच राहिले. उसाच्या चोथ्यावर अतिवाहक! असलं जगात दुसरीकडं कुठं झालं नसेल, असं म्हणत त्यांनी मला चहा पाजला.

मग काय, घोटाघोट. दगडी खल मांडीत धरून मी तासन्‌तास बसायची. पिठूळ करडी पूड आधी खरखरते, मग मऊ होत जाते, आणि एका क्षणी बत्त्याचा आवाजच बदलतो. मनगट दुखून यायचं. सर समोर बसून दुसरा खल घोटायचे आणि मध्येच गळिताच्या गप्पा निघायच्या. एकदा मी उत्साहानं म्हटलं की सगळ्या देशभर अतिवाहक तारा घातल्या तर तोटाच उरणार नाही. सरांनी बत्ता थांबवला. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये,’ म्हणाले. एका दिशेनं वाहणाऱ्या विजेला तोटा शून्य, हे खरं. पण आपल्या घरातली वीज सारखी दिशा बदलते, आणि तिला अतिवाहकातही थोडा तोटा लागतोच. चुंबकीय रेषा पदार्थात शिरून जागोजागी अडकून बसतात. वीज उलटसुलट झाली की त्या रेषा ओढल्या जातात, ओढाताणीत ऊब तयार होते. ऊब थोडीशीच, पण एवढ्या थंडीतनं ती बाहेर काढायला तिच्या कितीतरी पट वीज खर्ची पडते. आणि गंमत अशी, की त्या अडकलेल्या रेषांमुळंच चुंबक वडीवर स्थिर राहतं, घरंगळत नाही. सरांना त्या पदार्थाचं कौतुक होतं, पण आंधळं नव्हतं. आपल्या पोराचे दोष माहीत असलेल्या बापाचं असतं तसं होतं.

पाच वड्या झाल्या. भट्टी पेटवायच्या दिवशी आम्ही त्या चिनी मातीच्या बशीत मांडून कारखान्यात नेल्या. प्राणवायूची नळकांडी शाहूपुरीतनं आलेली. सर आणि मी नळी जोडत पाठमोरे बसलो होतो. आणि आप्पांनी, कामाचे कपडे बदलून, टोपी घालून, खिशातनं नारळ काढला.

आता आप्पांच्या बाजूनं बघा. दर हंगामाला बॉयलर पेटवायच्या आधी नारळ फुटतो. पहिली उसाची मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, टाकायच्या आधी नारळ फुटतो. नारळाशिवाय जाळ त्यांनी जन्मात पेटवलेला नव्हता. लेकीची भट्टी ती काय वाऱ्यावर सोडणार? त्यांनी भट्टीच्या लोखंडी पायावर नारळ फोडला, पाणी ओंजळीत धरलं, आणि भट्टीवर, नळकांडीवर, आणि भक्तिभावानं त्या पाच वड्यांवर शिंपडलं.

मी वळून बघितलं तेव्हा वड्या फुगत होत्या. नुसती दाबलेली पूड ती, पाण्यापुढं काय टिकणार. डोळ्यांदेखत एक ढासळली, मग दुसरी. बशीच्या कडेला, आप्पांच्या हाताआड राहिलेली एकच कोरडी राहिली. पुन्हा पूड भाजून वड्या करायला आठवडे लागणार होते आणि सरांकडं आठवडे नव्हते. आप्पांना काय झालं ते माझ्या तोंडावरनं कळलं. त्यांचा ओला हात तसाच अधांतरी राहिला. मग सरांनी खाली पडलेली नारळाची भकल उचलली, खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला आणि म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी, चला, एक तर एक. आप्पांनी मात्र त्या दिवशी डबा उघडलाच नाही. सूर्य मावळून गेला.

ती एक वडी भाजली. कारखाना आपला धडधडत होता, गव्हाणीत ऊस पडत होता, बाटलीतल्या पाण्यातनं प्राणवायूचे बुडबुडे येत होते, आणि वीज एकदाही हलली नाही. वडी निवत गेली, सरांना हवी होती तशी, लाडावलेल्या पोरागत. आप्पा दर पाळीला येऊन भट्टीचा काटा बघून जायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत.

आता प्रश्न नायट्रोजनचा. तो कोल्हापुरात कुणाकडं असतो? म्हशीच्या डॉक्टराकडं! गाई-म्हशी भरवायला लागणारं वीर्य रिफिलएवढ्या बारीक कांड्यांत, द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये बुडवून ठेवलेलं असतं. आमच्या भागात हे काम बापू करायचा. मोटरसायकलवर दोरीनं बांधलेला कॅन आणि तोंडात कायम कुणाची तरी टर. थंडीत म्हशी माजावर येतात, त्यामुळं गळीत आणि बापूची धावपळ एकाच वेळी. निवृत्तीच्या दिवशी दुपारी तो सरांच्या प्रयोगशाळेत आला, मागं आप्पांना बसवून. आल्या आल्याच त्यानं सांगितलं की नायट्रोजनची गाडी उसाच्या ट्रॉल्यांत कुठंतरी अडकली आहे, आज येत नाही. कॅन तळाला गेलाय. एक पेला देतो, जास्त मागू नका. आत एकच कांडी उरली होती, आणि ती आमच्याच म्हशीसाठी राखलेली. म्हैस सकाळी माजावर आली होती, संध्याकाळी भरवायची होती. इथनं बापू थेट आमच्या गोठ्यात जाणार होता.

थर्मोकोलच्या वाटीत वडी ठेवली. बापूनं नायट्रोजन ओतला आणि वाटीतनं धुकं उसळलं, टेबलावरनं खाली ओघळलं. वडीभोवती चरचर उकळी फुटली. हळूहळू उकळी बसली. सरांनी बांबूच्या चिमट्यात हरभऱ्याच्या डाळीएवढं चुंबक धरलं. आणि मग त्यांनी चिमटा आप्पांपुढं केला.

‘आप्पासाहेब, पहिली मोळी तुमची.’

आप्पा मागं सरकले. नको, माझा हात नको लागायला, असं म्हणायला लागले. सरांनी ऐकलं नाही. आप्पांनी टोपी सारखी केली, चिमटा घेतला, श्वास धरला आणि चुंबक सोडलं. ते पडलं नाही. वडीच्या वर, मधे नुसती हवा, ते थांबून राहिलं. मी पेनाच्या टोकानं हलकंच ढोसलं तर जागच्या जागी गरगर फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं.

आप्पा वाकून बघत होते. खालून बघितलं, बाजूनं बघितलं. ‘ह्यात जळतंय काय?’

‘काय न्हाय,’ सर म्हणाले.

‘काय न जळता चालणारं पहिल्यांदा बघितलं,’ आप्पा म्हणाले. बॉयलरवरच्या माणसानं केलेलं ते कौतुक, त्याची सर कुठल्याही पुरस्काराला नाही. सरांनी मात्र तिथंच प्रामाणिकपणानं सांगितलं की हा नायट्रोजन थंड करायला कुठंतरी काहीतरी जळलंच आहे, फुकट काहीच नसतं. आप्पांनी मान हलवली. त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

ह्या बोलण्यात वाटी उकळून रिकामी झाली. पेला तो केवढा, आणि निम्मा वडी गार करण्यातच गेलेला. चुंबक डगमगलं, खाली उतरलं आणि वडीवर टेकलं. सरांनी अजून हात लावला नव्हता. जन्मभर ज्याची वाट बघितली ते दुसऱ्याच्या हातानं झालं, आणि संपलं. ते हसून म्हणाले, ‘दिसलं की. बास झालं.’ आणि किल्ली काढायला खिशात हात घातला.

बापूनं कॅनमध्ये पट्टी बुडवून वर काढली. पट्टीवर तळाशी पांढरा बर्फ धरला होता, बोटभर. एवढंच उरलं होतं, कांडीपुरतं. ते ओतलं की कांडी वाया. त्यानं ते आप्पांना नुसतं दाखवलं. दूध आमच्या घरात लाडाची गोष्ट नव्हती. ते विकून माझी फी भरली जात होती.

आप्पा म्हणाले, ‘म्हशीचा माज परत येतोय. सरांची नोकरी न्हाय परत येणार. वत, बापू.’

बापू एरवी कुणालाही सोडायचा नाही. त्या दिवशी त्यानं कांडी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि गुमान कॅन उपडा केला. पुन्हा धुकं, पुन्हा चरचर. सरांनी चिमटा घेतला. चुंबक तरंगलं, आणि सर त्याच्याकडं बघत राहिले, चष्मा काढून, टेबलाला हनुवटी टेकून, शेवटचा थेंब उडून जाईपर्यंत. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते मी पुसलंही नाही.

आता मीच शिकवते. मध्ये एका परिषदेत मी अतिवाहकाची पट्टी हातात धरून बघितली. चकचकीत धातूची, साडीच्या जरीकाठाहून पातळ, आणि तिच्या अंगावर आमच्या काळ्या वडीतल्या पदार्थाचा केसाहून बारीक थर. असल्या पट्ट्यांच्या केबली काही दाटीवाटीच्या शहरांत जमिनीखालनं गेल्या आहेत. एवढ्याशा जागेत अफाट ताकदीची चुंबकं त्यांच्यापासून होतात. दिशा बदलणाऱ्या विजेचा, म्हणजे एसीचा, तोटा कमी करायला ती पट्टी उभी चिरून तिचे बारीक पदर करतात, पीळ देतात, अजून खटपट चालू आहे. आमच्या मळ्यापर्यंत अजून काही आलेलं नाही. बल्ब पूर्वीपेक्षा बरा जळतो एवढंच. पण ती पट्टी हातात आली आणि मला माझं दुखरं मनगट आठवलं. माणसं दगडी खलापासून इथवर आली याचा मला भयंकर अभिमान वाटला, जणू त्यात माझाही काही वाटा होता.

आमची वडी आता तरंगवत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यांनी तिच्यात ओल शिरली, तांदळाची पुरचुंडी किती पुरणार. मागच्या वर्षी करून बघितलं, चुंबक नुसतं बसून राहिलं. म्हणून ती टाकून द्यायची, असं काही माझ्यानं होणार नाही.

म्हशीचा माज मात्र खरंच परत आला. बापू आला, ह्या वेळी भरल्या कॅननं. पुढच्या हंगामाचा भोंगा वाजल्यावर म्हैस व्याली, रेडी झाली. खरवस खायला आप्पांनी सरांना बोलावलं. सर पावण्यासारखे आले, हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. गोठ्यात उभं राहून त्या काळ्याभोर रेडीच्या कपाळावरनं त्यांनी हात फिरवला. ओशाळून म्हणाले, ‘माझ्यापायी उशीर झाला हिला.’

आप्पा धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, ‘उशीर झाला, सर. तोटा न्हाय झाला.’